बोटीचा प्लग पुन्हा पुन्हा काळा पडतोय? ब्रेकर पडत नाही म्हणून गाफील राहू नका

"दादा, हा बघ, परत काळा झाला." धाकट्या भावाने धक्क्यावरून वीज घेणाऱ्या केबलचं बोटीकडचं टोक माझ्या हातात दिलं. तीनपैकी एका पिनेचं पितळ जांभळट-तपकिरी झालं होतं. तिच्याभोवतीचं प्लास्टिक आधी फुगून मग आत खचलं होतं. आणि तो करपट वास, जो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. हा प्लग मीच दोन महिन्यांपूर्वी नवा लावला होता. त्याआधीच्या हंगामातही एकदा बदलला होता.

एवढ्या काळात एकदाही ब्रेकर पडला नव्हता. ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारा सुरक्षा ब्रेकरही गप्पच होता. बोटीवर दिवे, चार्जर, हीटर सगळं व्यवस्थित चालू. त्यामुळे प्रत्येक वेळी आम्ही "प्लगच हलका निघाला" म्हणून नवा आणला आणि विषय संपवला. तिसऱ्यांदा मात्र भीती वाटली, कारण त्या प्लगच्या मागे चार बोटांवर फायबरची भिंत होती आणि भिंतीच्या आत आमची झोपायची जागा.

छोट्या बोटींवर ज्या आगींची आपण कल्पनाच केलेली नसते, त्या बहुधा अशाच ठिकाणी पेटतात: जिथे फ्यूज किंवा ब्रेकरला काही गडबड आहे हे कळायला मार्गच नसतो. म्हणून आधी या प्लगचं सविस्तर लिहितो, मग त्याच जातीच्या बाकीच्या गोष्टी.

ब्रेकरला का कळत नाही

ब्रेकर बघतो तो स्वतःतून जाणारा प्रवाह. दहा-पंधरा मीटर लांबच्या प्लगमध्ये काय तापतंय, याची त्याला काहीच खबर नसते.

आता हिशोब बघा. पिन आणि सॉकेटच्या पट्टीमध्ये मिठाचा थर, कळंक किंवा ढिलेपणा यामुळे फक्त ०.२ ओहम रोध तयार झाला. बोटीवर हीटर आणि चार्जर मिळून १५ अँपिअर चालू आहेत. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १५ × १५ × ०.२, ४५ वॅट. सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचं असतं, आणि त्याच्या टोकाने शिसं वितळतं. तेवढी उष्णता तुमच्या प्लगच्या एका पिनेवर रात्रभर साचत राहते. रोध वाढला की एकूण प्रवाह उलट किंचित कमीच होतो, म्हणजे ब्रेकरच्या दृष्टीने सगळं आणखीच ठीक. गळती पकडणारा ब्रेकर जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक बघतो. इथे दोन्ही सारखेच असतात, म्हणून तोही हलत नाही.

शिवाय हे एकदा सुरू झालं की आपोआप वाढत जातं. तापल्यामुळे सॉकेटच्या आतल्या पट्टीतली स्प्रिंग मरते, पकड ढिली पडते, पितळावर ऑक्साइड चढतो, रोध वाढतो, आणखी तापतं.

आमची चूक इथेच होती. आम्ही प्लग बदलत होतो, पण तो ज्याच्यात बसतो ते बोटीवरचं सॉकेट जुनंच होतं. मेलेल्या पट्टीने नव्या पिनेला पहिल्या दिवसापासून भाजायला सुरुवात केली. एक बाजू काळी पडली की दुसरीही गेली असंच धरा. जोडी बदलायची, अर्धी नाही.

बिघाड नक्की कुठे आहे ते शोधणं

बोटीवर नेहमी चालतो तेवढा पूर्ण भार चालू करा आणि अर्धा तास थांबा. मग हाताची मागची बाजू केबलवर, प्लगवर, धक्क्यावरच्या खांबाच्या सॉकेटवर बाहेरून ठेवून बघा. केबल आणि प्लग सारखेच कोमट असतील तर चिंता नाही. केबल थंड आणि प्लग गरम असेल, तर सांधा खराब आहे. सगळी केबलच गरम लागत असेल, तर एक तर भार जास्त आहे किंवा उरलेली केबल गुंडाळून ठेवली आहे. गुंडाळीत आतल्या वेढ्यांना थंड व्हायला जागाच मिळत नाही, तेव्हा ती मोकळी पसरा. तासन्तास चालणारा भार केबलच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण तो चकचकीत धातूवर रोखू नका. चकाकणारं पितळ किंवा स्टील खऱ्यापेक्षा बरंच थंड दाखवतं. त्या जागेवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून टेपचं तापमान घ्या. मी हे न करता आधी दोनदा "सगळं ठीक" म्हणून मोकळा झालो होतो.

मग खांबावरचा ब्रेकर बंद करा, केबल दोन्हीकडून काढा, आणि प्लग उघडा. डाग कुठे आहे ते नीट बघा, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. पिनेच्या टोकाकडे काळवंडलं असेल, तर समोरच्या सॉकेटची पकड गेली आहे. पिनेच्या मुळाशी, जिथे वायर स्क्रूखाली येते तिथे काळवंडलं असेल, तर स्क्रू ढिला आहे किंवा वायर नीट बसलेली नाही. आमच्याकडे दोन्ही होतं.

वायरचं आवरण सोलून तांबं बघा. काळं किंवा हिरवट असेल तर कापत मागे जा, लालसर चमकदार तांबं लागेपर्यंत. हातभर कापूनही काळंच येत असेल तर केबल टाकून द्यायची. पाणी तारांच्या मधून वातीसारखं आत चढलेलं असतं. टोकाला फेरूल, म्हणजे तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी, दाबून लावा आणि मग स्क्रूखाली घ्या. काही जण टोकावर सोल्डर चढवून ते स्क्रूखाली दाबतात. दिसायला ते नीटनेटकं दिसतं, पण सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू चेपत जातं आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. बोटीच्या हेलकाव्यात तर लवकरच.

केबलचं वजन प्लगवर येऊ देऊ नका. बोट लाटेबरोबर वर-खाली होते तेव्हा प्रत्येक ओढ त्या तीन पिनांवर येते आणि सांधा झिजतो. केबल रेलिंगला बांधून प्लगपाशी तिला थोडी सैल ठेवा, आणि तो सैल भाग खाली लोंबता राहू दे, म्हणजे पाणी तिथून गळेल, प्लगमध्ये उतरणार नाही. प्लगच्या बाहेरची आटे असलेली रिंग पूर्ण आवळायची. ती अर्धवट राहिली की ओलावा आत जातो.

चालू भारावर प्लग ओढायचा नाही. ओढताना जी ठिणगी पडते तिने पिनेवर बारीक खड्डे पडतात आणि पुढचा रोध तिथूनच सुरू होतो. आधी बोटीवरचा मुख्य स्विच बंद, मग खांबावरचा ब्रेकर बंद, मग केबलचं खांबाकडचं टोक काढायचं आणि शेवटी बोटीकडचं. जोडताना उलट क्रम, म्हणजे जिवंत टोक हातात धरून धक्क्यावर चालायची वेळ येत नाही.

नवी जोडी बसवल्यावर एका महिन्याने मी सगळे स्क्रू पुन्हा तपासले. एक जवळपास पाव फेरा फिरला. त्यानंतर प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला प्लग उघडून बघतो. पितळ अजून पितळासारखं पिवळं आहे.

बिल्ज पंपाचा फ्यूज सारखा उडतो

ही तक्रार मी कितीतरी बोटवाल्यांकडून ऐकली आहे आणि तिचा नेहमीचा "इलाज" ऐकून पोटात गोळा येतो: जरा मोठा फ्यूज टाकला, आता उडत नाही.

बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा हा पंप आपण नसताना फ्लोट स्विचवर, म्हणजे पाणी चढलं की तरंगून वर येणाऱ्या स्विचवर, आपोआप चालू होतो. त्याच्या पंख्यात नायलॉनची दोरी, केस, बाटलीचं निघालेलं लेबल अडकलं की मोटर फिरत नाही, पण प्रवाह ओढत राहते, आणि तोही चालत्या मोटरच्या कितीतरी पट. योग्य फ्यूज असेल तर तो उडतो. मोठा फ्यूज असेल तर मोटर आणि तिची बारीक वायर तापत राहते, तीही तळाशी, जिथे तेलाचा तवंग असतो आणि बघायला कोणी नसतं.

फ्यूजची क्षमता पंपाच्या अंगावरच लिहिलेली असते. तेवढाच टाकायचा. तरी उडत असेल तर जाळी काढा, पंखा बोटाने फिरवून बघा, वायरचे सांधे बघा. सांधे साचणाऱ्या पाण्याच्या वर हवेत, आणि आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक (तापवली की आवळणाऱ्या) नळीत बंद. नुसती टेप गुंडाळलेला सांधा उघडलात तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी निघेल.

आणखी एक गैरसमज इथेच काढतो. १२ व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, असं बऱ्याच जणांना वाटतं. झटका बसत नाही हे खरं. पण २४० वॅटचं उपकरण २३० व्होल्टवर जेमतेम १ अँपिअर घेतं, तेच १२ व्होल्टवर २० अँपिअर घेतं, आणि आग लावतो तो प्रवाह. इंजिन सुरू करायची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकातून निघणाऱ्या प्रत्येक वायरला बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात हे अंतर ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर दिलं आहे. वायरला पूर्ण लांबीचं आवरण असेल तर थोडं जास्त चालतं. अपवाद इंजिनच्या स्टार्टरच्या जाड केबलचा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला फ्यूजचं संरक्षण अजिबात नसतं. ती एखाद्या फायबरच्या कडेवर घासत असेल तर तिथे वाचवणारं काहीच नाही. टॉर्च घेऊन ती हाताने चाचपून बघा, विशेषतः भिंतीतून आरपार जाते त्या भोकाच्या कडेला.

पेट्रोल इंजिन: गाडीचा सुटा भाग बोटीत

इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर गेला, बाजारात गाडीचा तसाच दिसणारा निम्म्या किमतीत मिळाला, बसला, चालला. हे करू नका, आणि आधीच्या मालकाने केलंय का तेही बघा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. गाडीत ती खाली रस्त्यावर निघून जाते. बोटीत खाली तळ आहे, भोक नसलेली परात. हवेत पेट्रोलची वाफ १.४ टक्के झाली की ठिणगीने ती पेटू शकते, आणि पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्यापुरती वाफ देतं, त्यामुळे "आज गारवा आहे" ही काही सबब नाही. गाडीच्या आल्टरनेटर आणि स्टार्टरमध्ये ब्रश उघड्यावर ठिणग्या टाकत असतात. बोटीसाठी बनवलेल्यांमध्ये त्या ठिणग्या किंवा आतली ज्वाळा बाहेरच्या वाफेपर्यंत पोचणार नाही अशी जाळी किंवा बंद रचना असते. अंगावर इग्निशन प्रोटेक्टेड अशी खूण शोधा. हाच नियम डिस्ट्रिब्युटर, पंप, पंखा, बॅटरी स्विच या सगळ्यांना.

इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनच्या कप्प्यातली वाफ बाहेर टाकणारा पंखा, किमान ४ मिनिटं चालवायचा आणि तरीही झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. कारण ब्लोअरचा आवाज येतो म्हणजे तो वाफ बाहेर टाकतोच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका बोटीत ब्लोअरची नळी क्लॅम्पमधून सुटून पडली होती. पंखा तिथली हवा तिथेच घुसळत होता. बाहेरच्या जाळीसमोर कागदाचा कपटा धरून बघा, उडाला पाहिजे. नळीचं खालचं तोंड तळाशी हवं, पण पाण्यात बुडालेलं नको.

इंधनाची नळी तपासायला साधी युक्ती आहे. स्वच्छ कोरडं फडकं नळीवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि हुंगा. फडक्याला पेट्रोलचा वास आला तर नळी आतून झिरपते आहे, डोळ्यांना ओल दिसो वा न दिसो. इंधन भरताना सगळे बोटीबाहेर, खिडक्या-झाकणं बंद, ब्लोअर बंद; भरून झाल्यावर झाकणं उघडून ब्लोअर चालू. सुटा कॅन किंवा टाकी बोटीतून उचलून धक्क्यावर जमिनीला टेकवून भरायची, म्हणजे साचलेली स्थिर वीज निघून जायला वाट मिळते.

तेलाची फडकी

हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मलाही पटलं नसतं. डेकच्या सागवानी पट्ट्यांना दिवसभर तेल लावलं, फडक्यांचा बोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला आणि पिशवी लॉकरमध्ये. संध्याकाळी लॉकर उघडला तर उग्र, डोळ्यांना चुरचुरणारा वास. पिशवी हाताला गरम लागली. बोळा उलगडला तर मधल्या घड्या तपकिरी, कुरकुरीत, वरची फडकी मात्र अजून ओली. ना वीज, ना ठिणगी, ना ऊन.

जवसाचं तेल, आणि ते ज्यात असतं अशी बरीच लाकडाची तेलं, वाळतात म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतात, आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते. बोळ्याच्या पोटात ती अडकते, तापमान वाढतं, क्रिया वेग घेते, आणि काही तासांत कापड आपसूक पेटू शकतं. फडकी एकेक सुटी पसरून बोटीबाहेर वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. लॉकरमध्ये कधीच नाही.

फायबरच्या दुरुस्तीत रेझिनचंही असंच. हार्डनर मिसळलेलं रेझिन खोल डब्यात राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने धूर काढू लागतं. थोडं थोडं कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा. उरलेलं घट्ट होऊन थंड होईपर्यंत बोटीत ठेवू नका.

आणखी काही, थोडक्यात

इंजिन थंड ठेवणारं पाणी बाहेरून आत घेणारं तोंड प्लास्टिक पिशवीने बंद झालं तर इंजिन गरम होण्याआधी एक्झॉस्टची रबरी नळी जळू लागते, कारण ती टिकते तीच मुळी आतून वाहणाऱ्या पाण्यावर. इंजिन सुरू केलं की मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी येतंय ना ते बघायचं. आवाज कोरडा, फटफटीत झाला तर लगेच बंद.

बरेच दिवस उभ्या असलेल्या बोटीच्या इंजिनावर पक्षी घरटं बांधतात. वाळकं गवत आणि काड्या, थेट एक्झॉस्टच्या पाइपाशेजारी. हंगामाच्या पहिल्या दिवशी झाकण उघडून बघितल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

दाढीचा अंतर्गोल आरसा, गोल काचेची पाण्याने भरलेली बाटली या वस्तू खिडकीतून येणारं ऊन एका बिंदूवर गोळा करतात. केबिन सोडताना आरसा पालथा.

लिथियम बॅटरीची हत्यारं, स्कूटर, पॉवर बँक रात्री झोपायच्या जागेजवळ चार्जिंगला लावायची नाहीत. आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून परत वापरायची नाही. ती दिवसांनंतरही पेटू शकते.

धूर दिसलाच तर

इंजिनच्या कप्प्यातून धूर येत असेल तर झाकण उघडून बघण्याचा मोह आवरा. उघडलं की आत हवा शिरते आणि आग तोंडावर येते. इंजिन बंद, ब्लोअर बंद, इंधनाचा कॉक बंद, बॅटरीचा मुख्य स्विच बंद. इंजिन चालू राहिलं तर अग्निशामकातून आत सोडलेला वायू तेच ओढून बाहेर टाकतं. झाकणात अग्निशामकाचं तोंड जाईल एवढं छोटं झडपेचं भोक आधीच करून ठेवलेलं असेल, तर तिथूनच फवारायचं आणि झाकण बराच वेळ बंदच ठेवायचं. चालती बोट असेल तर वेग तोडा आणि बोट अशी वळवा की ज्वाळा माणसांपासून वाऱ्याबरोबर दूर जातील. लाइफ जॅकेट सगळ्यांनी आधी चढवायचे, आग विझवायला लागण्यापूर्वी, आणि मदतीची हाक लगेच द्यायची, कारण फायबरची बोट पेटली की तुमच्या हातात मोजकी मिनिटं असतात आणि तिचा धूर विषारी असतो.

अग्निशामक ठेवायची जागा आग लागेल तिच्या पलीकडे नको. आमचा पूर्वी इंजिनच्या कप्प्यातच टांगलेला होता. आता एक बाहेर पडायच्या दारापाशी आहे, एक सुकाणूजवळ, आणि भावाने डोळे मिटून दोन्हींपर्यंत हात नेऊन दाखवला आहे.